फळी, बूट आणि बालस्वार

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ज्यांच्या मुलखात हिवाळा म्हणजे फार तर एक शाल, आणि बर्फ पाहावयाचा तो उसाच्या रसाच्या पेल्यात, त्यांना हिमाच्छादित उतारावरून फळीवर उभे राहून घसरण्याच्या शर्यती कशाला ऐकवाव्यात? पण आता मराठी घरे डेहराडूनला आहेत, दिल्लीला आहेत, सिमल्याला आहेत, आणि अमेरिकेतील ज्या डेन्व्हर-बोस्टनच्या अंगणात हा खेळ वाढला तेथेही आहेत. शिवाय मला जो प्रश्न आपणांपुढे ठेवावयाचा आहे, तो हिमापेक्षा मुलांचा अधिक आहे. थोरांचे साधन पोराच्या हाती केव्हा द्यावे, आणि द्यावयाचे झाल्यास ते कसे बेतून द्यावे, हा तो प्रश्न. थोरल्या भावाची जड बॅट घेऊन मैदानात उतरलेला आठ वर्षांचा मुलगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तो चेंडू टोलवीत नाही. बॅटच त्याला ओढून नेते.

या खेळाचे नाव स्नोबोर्ड. एकच फळी, तिच्यावर दोन्ही पाय जखडलेले, हातांत काठ्या नाहीत आणि खाली उतार. स्की नावाच्या जुन्या खेळात प्रत्येक पायास स्वतंत्र पट्टी असते व तोंड समोर असते. येथे स्वार फळीवर आडवा उभा राहतो, एक खांदा उताराकडे करून. आज जगाला या खेळाचे जे रूप ठाऊक आहे, ते हवेतील कोलांट्यांचे. त्यास टाळ्या फार मिळतात. मी बोलणार आहे ते दुसऱ्या, अधिक अबोल रूपाविषयी. त्यास अल्पाइन असे म्हणतात. उतारावर ठरावीक अंतराने झेंडे रोवलेले असतात; त्यांना आलटून पालटून डावी-उजवीकडून वळसा घालीत जो सर्वांत कमी वेळात तळाशी येईल तो पहिला. झेंडे जवळजवळ असले तर ती स्लालम, आणि दूरदूर असले, वेग वाढला, तर जायंट स्लालम. नियम एवढाच. तो समजण्यास दोन मिनिटे पुरतात आणि साधण्यास दहा वर्षे पुरत नाहीत.

मौज अशी की, हा खेळ मुळात पोरांच्या खेळण्यातूनच जन्मास आला. १९६५ सालच्या नाताळात अमेरिकेतील मिशिगन राज्यात, मस्कीगन या गावी, शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींच्या करमणुकीसाठी दोन स्की पट्ट्या शेजारी शेजारी जोडून त्यांवर त्यांना उभे केले. पत्नीने त्या वस्तूस ‘स्नर्फर’ असे नाव दिले. हिम आणि समुद्रलाटांवरील फळी या दोहोंसाठी असलेल्या इंग्रजी शब्दांची ती गमतीदार सांगड होती. फळीच्या टोकास एक दोरी असे, ती हाती धरावयाची, आणि पाय मोकळेच. पुढे ते खेळणे बाजारात आले, आणि मस्कीगनला त्याच्या शर्यतीही होऊ लागल्या. १९७९ साली जेक बर्टन कार्पेंटर हा तरुण व्हरमाँटहून मिशिगनमधील अशा एका शर्यतीस स्वतः बनविलेली फळी घेऊन आला. तिच्यावर पाय अडकविण्याची सोय होती. ही वस्तू स्नर्फर नव्हे, अशी कुरकुर झाली. अखेर त्याच्यासाठी खुला गट करण्यात आला, आणि तो त्याने जिंकला. पाय फळीस बांधला गेला तो येथे. पॉपेन आणि बर्टन हे दोघेही २०१९ साली निवर्तले. म्हणजे खेळाचा सारा विस्तार त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

१९८२ साली व्हरमाँटमधील एका लहानशा टेकडीवर या फळ्यांच्या पहिल्या राष्ट्रीय म्हणविणाऱ्या स्पर्धा झाल्या. त्या टेकडीचे तेव्हाचे नाव ‘सुइसाइड सिक्स’. असल्या नावाच्या टेकडीवर आपण आपली मुले पाठवू की नाही याची मला शंका आहे. २०२२ साली ते नाव बदलण्यात आले. लक्षात घ्यावयाचे ते असे की, त्या स्पर्धा वेगाच्या होत्या. खालपर्यंत लवकर कोण येतो, हाच तेव्हाचा कस. कोलांट्यांचे वैभव पुढचे. त्या काळात बहुतेक स्की-केंद्रे या फळीवाल्यांना उतारावर पाऊल ठेवू देत नसत, आणि अमेरिकेत तीन ठिकाणी तर आजही ती बंदी टिकून आहे. १९९८ साली जपानमधील नागानो येथे मात्र ऑलिम्पिकचे दार उघडले. जायंट स्लालममध्ये पुरुषांत कॅनडाचा रॉस रेबाग्लियाती पहिला आला, तो दुसऱ्यापेक्षा अवघ्या दोन शतांश सेकंदाने. स्त्रियांत फ्रान्सची कारीन रूबी. पुढील ऑलिम्पिकपासून दोन स्वार शेजारशेजारच्या वाटांवरून एकाच क्षणी सोडण्याची पद्धत आली. एक वाट तांबड्या झेंड्यांची, दुसरी निळ्या. २००६ साली या पद्धतीच्या अंतिम फेरीत स्वित्झर्लंडचे दोन सख्खे भाऊ, फिलिप आणि सीमोन शॉख, समोरासमोर उभे ठाकले आणि फिलिप जिंकला. त्या घरी त्या रात्री आईने कोणाकडे आधी पाहिले असेल, हे क्रीडावृत्तात लिहिलेले नसते.

आता फळीकडे वळू, कारण सारे रहस्य तिच्यात आहे. शर्यतीची फळी लांब आणि अरुंद असते. जायंट स्लालमसाठी तर ती स्वाराहूनही उंच असू शकते, आणि तिची कंबर विताहूनही अरुंद. कंबर हा शब्द मी हेतुतः वापरतो. फळीच्या दोन्ही कडा सरळ नसतात. मध्ये त्यांना आत बाक असतो, डमरूला असतो तसा, पण फार सौम्य. कडेला पोलादी धार बसविलेली असते. फळी कुशीवर कलंडली, वजन पडले आणि ती वाकली, की ती बाकदार धार हिमात रुतते व आपल्या बाकाप्रमाणेच वळण कापीत जाते. घसटत नाही, कापते. मागे उरते ती धाग्यासारखी बारीक खोबण. सुताराचा रंधा चांगला चालला की लाकडावरून एकसंध ढलपी निघते, तो तडकत नाही, थरथरत नाही. चांगल्या वळणाचा आनंद त्याच जातीचा आहे.

वळताना स्वार आत कलतो, जसे आपण वेगात सायकल वळविताना कलतो. किती कलावयाचे हे त्याच्या मर्जीवर नसते. उताराचा हिशेब बाजूला ठेवून सांगावयाचे, तर सेकंदाला दहा मीटर, म्हणजे तासाला छत्तीस किलोमीटर वेगाने दहा मीटर त्रिज्येचे वळण घेणाऱ्यास पंचेचाळीस अंश कलावेच लागते; कमी कलला तर बाहेर फेकला जाईल, अधिक कलला तर आत कोसळेल. निष्णात स्वार याहूनही पुष्कळ खाली जातात. त्यांचा कोपर हिमाला टेकतो की काय असे वाटते. म्हणूनच या शर्यतीचा झेंडा मोठा विचित्र असतो. बाहेरच्या बाजूस उंच काठी, आतल्या बाजूस वीतदीड वीत उंचीचा खुंट, आणि दोहोंमध्ये त्रिकोणी कापड. आत उंच काठी असती, तर ती कललेल्या स्वाराच्या थेट खांद्यावर बसली असती.

फळी अरुंद केली की एक अडचण उभी राहते. आडवा ठेवलेला पाय तिच्याबाहेर येतो. फळी कुशीवर कलंडली की बुटाचे टोक वा टाच हिमास लागते, धार उचलली जाते, आणि स्वार एका क्षणात पाठीवर. यावर उपाय म्हणून पाय तिरपे, बोटे बरीचशी पुढे करून, साधारणतः पन्नास ते पासष्ट अंशांच्या कोनात ठेवतात. पण पाय असे पुढे वळविले की मऊ बुटातून फळी कुशीवर करण्याचा जोर पुरत नाही, कारण घोट्याची बाजूकडील हालचाल सैल पडते. म्हणून मग टणक बूट. प्लॅस्टिकचे कवच, आत मऊ अस्तर, वर पकडी, आणि धातूच्या पट्टीने तो फळीस घट्ट बसविलेला. गुडघ्याची लहानशी हालचालही मग तत्काळ धारेपर्यंत पोहोचते. अरुंद फळी, तिरपा पाय आणि टणक बूट, ही तिन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत. एक उचलून दुसरे टाकता येत नाही. यात या शतकाच्या पहिल्या दशकात भर पडली ती ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूची. त्याचा पातळ पत्रा फळीच्या थरांत घातला की तिची थरथर मरते आणि गोठलेल्या, काचेसारख्या उतारावरही धार सुटत नाही. शर्यती वेगवान झाल्या, आणि फळ्या महागल्या. चांगली फळी आज हजार डॉलरच्या पुढे जाते, बूट आणि पकड निराळी.

या ठिकाणी पोर आडवे येते.

एखाद्या हौशी शर्यतपटूची दहा वर्षांची मुलगी म्हणते, मलाही झेंड्यांतून उतरावयाचे आहे. बाप मोठ्या उत्साहाने आपली जुनी फळी काढतो. फळी उत्तम असते. अडचण मुलीच्या वजनाची असते. जी फळी ऐंशी किलोच्या माणसाखाली वाकावी म्हणून घडविली, ती तीस किलोच्या मुलीखाली वाकत नाही. न वाकलेली फळी वळत नाही, सरळ जाते. शिवाय त्रिज्येचा हिशेब पाहा. जिच्या बाकाची त्रिज्या चौदा मीटर, ती फळी पंचेचाळीस अंशांवर कलंडली असता सुमारे दहा मीटरचे वळण कापते, आणि त्यासाठी आपण मघाशी पाहिलेला छत्तीस किलोमीटरचा वेग लागतो. दहा वर्षांच्या मुलीस हा वेग भिववितो, आणि भिववावा हेच योग्य. तिच्या फळीच्या बाकाची त्रिज्या सात मीटर असेल, तर तोच कल तिला पंचवीस किलोमीटरच्या वेगात साधतो. तीच कला, तोच तोल, तोच आनंद. केवळ माप तिचे. बालवर्गाच्या फळ्या लहान, मऊ आणि अधिक बाकदार असाव्या लागतात, त्या या कारणाने. त्यांना खेळणे समजून हिणविणारे पालक मला अडाणी वाटतात.

बुटांची गोष्ट याहून नाजूक आहे. पायांची वाढ वर्षाला एखाद्या मापाने सहज होते. तेव्हा पालक दोन मापे मोठा बूट घेतात, जशी आपल्याकडे शाळेची चप्पल घेतात. चपलेत हे खपते. टणक बुटात पाय आत हलू लागला, की मुलाने गुडघा वळवावा आणि फळीस त्याची वार्ताच लागू नये, असे होते; मूल मात्र आपल्यालाच जमत नाही असे धरून चालते. शिवाय पडले तरी या फळीची पकड सुटत नाही. स्कीची पकड मोठ्या पडझडीत सुटण्यासाठीच बनविलेली असते, हिची नाही. मूल पडताना हात पुढे करते, आणि म्हणून नवशिक्यांचे मनगट मोडणे ही या खेळातील नेहमीची दुखापत आहे. डोक्याला शिरस्त्राण आणि मनगटाला आधार, याविषयी कसलीही तडजोड होऊ नये.

मग मुलांना टणक बूट द्यावेत तरी केव्हा? या प्रश्नावर या खेळातील जाणत्यांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, लहानपणीच द्या; पुढे मऊ बुटांची सवय लागली की सुटत नाही. दुसरा म्हणतो, थांबा. माझा कौल दुसऱ्या पक्षाकडे आहे, आणि त्याचे कारण मघाच्या हिशेबातच आहे. अरुंद फळी आणि तिरपा पाय ही सारी यातायात मोठ्या पायासाठी आहे. मुलाचा पाय आखूड असतो. बेताच्या रुंदीच्या फळीवर तो आडवा ठेवला तरी बाहेर येत नाही, बूट हिमास लागत नाही. ज्या अडचणीवर टणक बूट हा उपाय आहे, ती अडचणच त्याला अजून आलेली नाही. त्याने मऊ बुटांत, साध्या फळीवर, पण धार चांगली लावून घेऊन, झेंड्यांतून उतरावे. खोबण बारीक उमटते की हिम फरफटले जाते, हे त्याने मागे वळून स्वतः पाहावे. तेरा-चौदाव्या वर्षी पाय वाढतो, वजन वाढते, बूट हिमास घासू लागतो. तेव्हा टणक बुटांची मागणी मूल आपणहून करते. तथापि एखादे धिटुकले मूल दहाव्या वर्षीच मागे लागले, तर त्यास एक सकाळ घालून पाहू द्यावेत. विकत मात्र घेऊ नयेत.

अशी एक सकाळ लाभावी म्हणून हौशी मंडळींच्या स्पर्धांना फार महत्त्व आहे. अमेरिकेत १९८८ पासून या खेळाची एक हौशी संघटना चालत आली आहे. ठिकठिकाणच्या टेकड्यांवर हिवाळाभर तिच्या स्पर्धा होतात, आणि हंगामाच्या शेवटी कॉलोरॅडोमधील कॉपर माउंटन येथे राष्ट्रीय मेळा भरतो. सात वर्षांच्या आतल्या पोरांचा गट तेथे आहे, आणि म्हाताऱ्यांचाही आहे. वृद्धांच्या एका गटास तर बायबलातील दीर्घायुषी मेथुसेलाहचे नाव दिलेले आहे. दहा-अकरा वर्षांच्या गटाचे नाव ‘मेनेहुनी’. हवाई बेटांतील लोककथांमधील ही बुटकी, कामसू माणसे. हिमाच्या डोंगरावर ही उष्ण बेटांतली नावे कोठून आली, असे वाटेल. पण फळीवर उभे राहण्याची मूळ कल्पनाच त्या बेटांच्या लाटांवरून आलेली आहे. या संघटनेची मला आवडणारी गोष्ट अशी की, तेथे एकच मूल स्लालममध्येही उतरते आणि उड्यांच्या स्पर्धेतही भाग घेते. कोलांट्या घेणाऱ्या पोराचे पाय झेंड्यांना लागतात, आणि क्वचित एखाद्यास तेथेच आपली खरी आवड सापडते.

दुसरी सोय याहूनही जुनी. १९६८ साली जॉन फ्राय या स्की-मासिकाच्या संपादकाने गोल्फच्या खेळातील सवलतीच्या पद्धतीवरून एक योजना काढली. निरनिराळ्या टेकड्यांवर सोप्या झेंड्यांची वाट आखावयाची, प्रत्येक ठिकाणी एका मापलेल्या वेगाच्या स्वाराने आधी उतरून दाखवावयाचे, आणि मग कोणीही यावे, उतरावे, आपला वेळ त्या मापाशी ताडून पाहावा. वय आणि लिंग यांप्रमाणे पदके. आज तेथे स्नोबोर्डवालेही उतरतात. व्हरमाँटमधील मुलीस कॉलोरॅडोमधील मुलीशी आपली तुलना त्यामुळे करता येते, प्रवासाचा पैसाही न घालविता. थोर विजेत्यांच्या कथा ऐकून मुले खेळाकडे वळतात, असे आपण समजतो. माझी समजूत अशी की, आपला स्वतःचा वेळ कालच्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने कमी झाला, हे पाटीवर पाहूनच मुले खेळात टिकतात.

टिकण्याचा प्रश्न या खेळापुढे आज खराखुरा आहे. बड्या उत्पादकांनी शर्यतीच्या फळ्या आणि टणक बूट यांतून केव्हाच अंग काढून घेतले. खप नाही, हे त्यांचे कारण. आता ही साधने मोजके, लहान कारखानदार बनवितात, आणि त्यांतही मुलांच्या मापाची थोडीच. २०१८ साली चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने एकाच ऑलिम्पिकमध्ये स्कीच्या सुपर-जी शर्यतीत आणि नंतर आठवड्याने स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लालममध्ये सुवर्णपदके मिळविली. त्यातील पहिली शर्यत तिने अमेरिकेच्या मिकेला शिफ्रिनची उसनी स्की पायी बांधून जिंकली होती. असे असूनही कित्येक टेकड्यांवर आज मुलांनी अल्पाइनची फळी डोळ्यांनीही पाहिलेली नसते. दुकानात ती नाही, भाड्याच्या खिडकीवर नाही. ती कोठे असते? एखाद्या पन्नाशीच्या हौशी स्वाराच्या गॅरेजमध्ये, मेणाचा हात देऊन, कापडात गुंडाळून.

म्हणून शर्यतीच्या दिवशी ही मंडळी आपल्या गाडीत एक जादा फळी टाकून नेतात. पाळण्याने वर जाण्यापूर्वी सपाट जागी एखाद्या मुलास उभे करतात, पाय किती तिरपे ठेवावयाचे ते त्याच्या उभे राहण्यावरूनच ठरवितात, पेचकसाने पकडीचा कोन बदलतात. टणक बुटांत मूल पहिल्याने चालते ते यंत्रमानवासारखे, आणि त्याचे मित्र हसतात. मग सर्वांत सौम्य उतार, झेंडे नाहीत, केवळ एक वळण डावीकडे, एक उजवीकडे. पहिल्या काही खेपांत बहुतेक मुले पडतात. फळी मधूनच धरते आणि अनपेक्षित वेगाने बाजूला काढून नेते. मऊ फळीवर ती घसटून वेग मारावयास शिकलेली असतात. येथे घसटणे अवघड, आणि वेग आवरावयाचा तो वळण पूर्ण करून, थोडे उताराच्या उलट चढून. हे एकदा उमगले की बदल दिसतो. मूल थांबते, मागे पाहते, आणि उतारावरील त्या बारीक, सलग रेघेकडे बोट दाखविते.

धार लावणे आणि मेण देणे हेही त्याच वेळी शिकविले पाहिजे. गरम इस्त्रीने फळीच्या तळास मेण द्यावयाचे, ते थंड झाल्यावर खरवडून काढावयाचे, कानशीने धार ठरावीक कोनात घासावयाची. हे काम मुलांना आवडते, आणि ज्याने स्वतः धार लावली, तो फळी दगडावर घालीत नाही.

आपल्या देशातही या फळीस उतार नाहीत असे नाही. काश्मीरमध्ये गुलमर्ग आहे, गढवालमध्ये औली आहे. २०२० साली गुलमर्गला पहिल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा झाल्या, तेव्हा स्नोबोर्डच्या शर्यतींना त्यांत स्थान होते. तेथील मुलांपुढेही प्रश्न हाच आहे की, आपल्या पायाच्या मापाचा बूट आणि आपल्या वजनाची फळी मिळावी कोठून. परदेशी प्रवाशांनी जाताना मागे ठेवलेली वा विकून टाकलेली साधने मोठ्यांच्या मापाची असतात. एखाद्या संस्थेने वीस-पंचवीस लहान फळ्या, निरनिराळ्या मापांचे मऊ बूट आणि धार लावण्याची दोन यंत्रे एवढी सामग्री तेथे नेऊन ठेवली, आणि ती भाड्याने न देता शाळांना वाटून दिली, तरी पुष्कळ होईल. टणक बूट त्यांना पुढे, पाय वाढल्यावर लागतील. तोपर्यंत झेंड्यांसाठी बांबूच्या काठ्या पुरतात.